धुरकट व्हॅनिला परफ्यूम: किती लावायचा, कुठे आणि निघण्याच्या किती आधी

व्हॅनिला आणि धूर एकत्र असलेला परफ्यूम पहिल्या फवाऱ्याला बहुतेकांना आवडतो. तक्रारी सुरू होतात त्या नंतर. कुणाचं दोन तासांत डोकं चढतं, कुणाच्या अंगावर फक्त करपलेल्या साखरेचा वास उरतो, तर कुणाला स्वतःला काहीच जाणवत नाही म्हणून तो आणखी चार फवारे मारतो आणि शेजारी बसलेला माणूस उठून खिडकी उघडतो. अशा वेळी दोष बाटलीला दिला जातो. खरं तर तो परफ्यूम लिंबू-संत्र्याच्या हलक्या परफ्यूमसारखा वापरलेला असतो: दाराबाहेर पडता पडता, सढळ हाताने, थेट गळ्यावर. ही पद्धत या जातीच्या सुगंधाला मानवत नाही. याचा जड भाग अंगावर सावकाश वर येतो आणि आला की तासन्‌तास हलत नाही. त्यामुळे फवारे किती या प्रश्नाइतकंच महत्त्व ते कधी मारले आणि शरीरावर कुठे मारले याला आहे, किंबहुना थोडं जास्तच.

गोडी आणि धूर एकाच घरातले

व्हॅनिलाच्या शेंगेतला मुख्य सुगंधी घटक म्हणजे व्हॅनिलिन. लाकडाच्या धुराला त्याचा ओळखीचा वास देणाऱ्या घटकांपैकी एक म्हणजे ग्वायकॉल. या दोन रेणूंची रचना शेजारी शेजारी काढून पाहिली तर लगेच लक्षात येतं की व्हॅनिलिन म्हणजे अल्डिहाइड नावाचा अणूंचा एक जास्तीचा गट जोडलेलं ग्वायकॉलच. लाकूड जळताना त्यातल्या लिग्निन नावाच्या घटकाचे तुकडे होतात आणि त्यातून ग्वायकॉल तर सुटतंच, पण थोडं व्हॅनिलिनही सुटतं. शेकोटीच्या धुरात मधूनच जी गोडसर झाक लागते तिचं एक कारण हे. म्हणूनच ही जोडी ओढूनताणून जमवलेली वाटत नाही, आणि म्हणूनच ती चटकन बिघडतेही. दोघांपैकी एक जरा वरचढ झाला की दुसरा त्यात पूर्ण बुडून जातो.

मुरवून वाळवलेल्या चांगल्या शेंगेत व्हॅनिलिन साधारण २ टक्केच असतं. १८७४ मध्ये जर्मनीत फर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं आणि सुगंधकारांच्या हाती ते मुबलक येऊ लागलं. पुढे एथिल व्हॅनिलिन आलं. ते व्हॅनिलिनच्या तिप्पट-चौपट तीव्र. गेर्लां या फ्रेंच घराण्याच्या १९२५ च्या ‘शालिमार’ची ओळख त्यावरच उभी आहे. १९९२ च्या ‘एंजल’मध्ये एथिल माल्टॉलचा भरपूर वापर झाला. हा घटक म्हणजे साखरेच्या पाकाचा, कॉटन कँडीचा वास. खाण्याच्या पदार्थांची आठवण करून देणाऱ्या या सुगंधांना ‘गुर्मां’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ खवय्या. हा इतिहास इथे सांगण्याचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. तुमच्या बाटलीतली गोडी व्हॅनिलिन, बेन्झोइन (एक गोडसर राळ) आणि टोंका बी (एका झाडाचं सुगंधी बी) यांतून आली असेल तर ती मऊ आणि पावडरसारखी असते, एखादा फवारा जास्त झाला तरी निभावून जातं. एथिल माल्टॉलच्या पाकातून आली असेल तर ती लांबवर पसरते आणि चिकटून राहते. तिथे एक फवारा कमीच ठेवावा. वर्णनात कॅरमल, कॉटन कँडी, प्रालिन असे शब्द दिसले तर गोडी या दुसऱ्या प्रकारची आहे असं धरून चालायला हरकत नाही.

धुराचेही प्रकार आहेत. बर्च टार म्हणजे बर्च झाडाच्या सालीपासून काढलेला डांबरासारखा अर्क. त्याला कमावलेल्या चामड्याचा आणि विझलेल्या शेकोटीचा वास येतो. केड म्हणजे जुनिपरच्या लाकडापासून मिळणारं तेल, तेही असंच रांगडं. ग्वायक लाकूड त्यामानाने सौम्य आणि किंचित गुलाबाच्या वासाचं. फ्रँकिन्सेन्सचा धूर राळेचा, थोडा लिंबाळ. तंबाखूचा वास मुळात धुराचा नसतोच, तो मधात मुरलेल्या वाळक्या पानांचा असतो. पण व्हॅनिलासोबत आला की नाक त्याला धुरकटच म्हणतं. मेझाँ मार्जेलाचा ‘बाय द फायरप्लेस’ आणि टॉम फोर्डचा ‘टोबॅको व्हॅनिल’ एकापाठोपाठ हुंगून पाहा, म्हणजे शेकोटीचा धूर आणि तंबाखू यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. बर्च टार आणि केडच्या परफ्यूमना मोकळी हवा लागते. तंबाखू आणि राळेचे परफ्यूम खोलीतही बरे वाटतात.

विकत घेण्याआधी: आठ तासांची परीक्षा

दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून दोन मिनिटांत घेतलेला निर्णय या प्रकारात हमखास चुकतो. तिथे नाकाला कळतो तो वरचा थर आणि तुम्ही जगणार असता तळाच्या थरासोबत. पट्टीवर एक फवारा मारा, नाव आणि वेळ लिहा आणि पट्टी खिशात टाकू नका, उघडी राहू द्या. अर्ध्या तासाने, तीन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हुंगा. दुसऱ्या दिवशीचा वास आवडला तरच पुढची पायरी, म्हणजे कातडीवर.

कातडीवर एकाच जागी एकच फवारा. कोपराच्या आतल्या बाजूची घडी सगळ्यात सोयीची. ती नाकापासून लांब असते, हवी तेव्हा वर आणता येते आणि हात धुताना भिजत नाही. एका दिवसात दोनच परफ्यूम पाहावेत, एका हातावर एक. मध्ये नाक मोकळं करायला कॉफीच्या बिया हुंगायची पद्धत आहे, तिचा फारसा उपयोग नाही. तो आणखी एक उग्र वास, एवढंच. बाहेर जाऊन चार श्वास घेतलेले बरे.

आता त्या घडीत काय होतं ते बारकाईने पाहा. पहिल्या मिनिटात अल्कोहोलचा झणका बसतो, त्यात काही कळत नाही, नाक लांबच ठेवा. पाचव्या मिनिटापर्यंत बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं फळ), मिरी किंवा लवंग यांसारखं काहीतरी चमकून जातं आणि त्यामागून धूर येतो, टोकदार, जरासा औषधी, जखमेवरच्या पट्टीसारखा. बरेच लोक इथेच नाक मुरडतात. विसाव्या मिनिटाच्या आसपास ते टोक बोथट होतं आणि लाकूड किंवा चामडं जाणवू लागतं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी कातडीच्या उबेने व्हॅनिला वर येतो. आधी धुराच्या मागे असतो, मग त्याच्या बरोबरीला येतो. पुढचे दोन-तीन तास हा परफ्यूम ज्यासाठी बनवलाय तो काळ. गोड म्हणावं तर धूर लागतो, धूर म्हणावं तर गोड. चौथ्या-पाचव्या तासाला धूर पातळ होत जातो. आठव्या तासाला कातडीला नाक टेकवलं तर कोरडी, पावडरसारखी गोडी, थोडा बदामाचा आणि वाळलेल्या गवताचा वास. हे टोंका बीतलं कुमारिन आणि उरलेलं व्हॅनिलिन. बर्च टार जास्त असलेल्या परफ्यूममध्ये मात्र क्रम उलटतो, गोडी आधी विरते आणि राखेचा वास मागे राहतो. तुमच्या कातडीवर शेवटी यांपैकी काय उरतं ते एकदा पक्कं कळलं की पुढची मापं त्यावरून ठरतात.

एक फवारा म्हणजे नेमका किती

‘तीन फवारे मारा’ हा सल्ला बाटलीचा पंप माहीत असल्याशिवाय निरर्थक आहे. नेहमीचा पंप एका दाबात साधारण ०.१ मिली सोडतो, बारीक पंप ०.०५ ते ०.०७ मिली. म्हणजे एका बाटलीचे तीन फवारे दुसरीच्या पाच-सहा फवाऱ्यांइतके असू शकतात. मोजायची सोपी युक्ती: प्रवासासाठी ५ मिलीची रिकामी कुपी भरताना फवारे मोजा. ५० लागले तर एक फवारा ०.१ मिली, ८० लागले तर जेमतेम ०.०६. परफ्यूम वाया जात नाही आणि आकडा कायमचा हाती येतो.

दुसरा आकडा सुगंधी द्रव्याच्या प्रमाणाचा. ओ द त्वालेतमध्ये साधारण ५ ते १५ टक्के, ओ द पार्फममध्ये १५ ते २० टक्के, एक्स्ट्रेमध्ये २० ते ३० टक्के किंवा त्याहूनही जास्त. या सीमा काटेकोर नाहीत, घराण्यागणिक त्या सरकतात. ०.१ मिलीचा पंप धरून सुरुवात अशी करावी:

ओ द त्वालेत: ३, फार तर ४ फवारे
ओ द पार्फम: २, थंडीत ३
एक्स्ट्रे: १, फार तर २
तेलातलं अत्तर: दोन जागी बोटाच्या टोकाचा एकेक स्पर्श

एक्स्ट्रे जास्त लांब पसरतं असा समज आहे, पण बहुतेकदा ते अंगाजवळच राहतं आणि जास्त वेळ टिकतं. लांबवर दरवळ हवा असेल तर बऱ्याचदा ओ द पार्फमच कामी येतं.

लावण्याची पद्धत

अंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं होऊ द्या, आणि त्यानंतरही पाच-दहा मिनिटं थांबा. गरम पाण्याने अंघोळ केल्यावर कातडी तापलेली असते आणि पाठीला बारीक घाम सुटत असतो. त्यावर फवारा मारला तर धुराचा थर झपाट्याने उडतो आणि गोडीच तेवढी हाती लागते. साबण शक्यतो बिनवासाचा. नारळाच्या किंवा फळांच्या वासाचा बॉडीवॉश हा या परफ्यूमचा छुपा शत्रू आहे. तो अंगावर उरतो आणि व्हॅनिलात मिसळून सगळं स्वस्त मिठाईसारखं करून टाकतो.

कोरड्या कातडीवर सुगंध टिकत नाही, म्हणून जिथे परफ्यूम लावायचा तिथे बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. क्रीम वाटाण्याएवढं पुरे. पेट्रोलियम जेली वापरत असाल तर तांदळाच्या दाण्याएवढी. जेलीचा थर जाड झाला तर परफ्यूम त्यावर थेंब धरून राहतो, पसरत नाही आणि कपड्याला लागतो. क्रीम जिरायला पाच मिनिटं द्या.

आता फवारा. बाटली कातडीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर धरा, सरळ धरा आणि पंप एका दमात शेवटपर्यंत दाबा. अर्धवट दाबलेला पंप थुंकतो, मोठे थेंब एकाच जागी पडतात. असा एक थेंब म्हणजे चार तास एकाच जागी साठलेला पाक. पहिला फवारा छातीच्या मधोमध, गळ्याच्या खळगीपासून चार बोटं खाली. दुसरा मानेमागे, केसांच्या रेषेखाली. दोनवर थांबायचं असेल तर इथेच थांबा. तिसरा मारायचाच असेल तर कोपराच्या घडीत. हवेत फवारून त्या ढगातून चालत जाण्याची पद्धत हलक्या परफ्यूमला शोभते. इथे निम्मा परफ्यूम जमिनीवर जातो आणि उरलेला केसांत, कपड्यांवर, जिथे नको तिथे.

मनगटावर लावून दोन्ही मनगटं एकमेकांवर घासायची सवय अनेकांना असते. घासल्याने रेणू ‘तुटतात’ हे काही खरं नाही. होतं ते एवढंच की कातडी तापते, थर पसरून पातळ होतो आणि वरचा भाग लवकर उडतो. या परफ्यूममध्ये वरच्या भागातच धुराची धार असते, म्हणजे घासून तुम्ही तोलच बिघडवता. शिवाय मनगटं दिवसभर धुतली जातात, टेबलावर घासतात, जेवताना तोंडाजवळ येतात. या सुगंधासाठी ती जागा मुळातच गैरसोयीची. लावायचं असेल तर मनगटाच्या बाहेरच्या बाजूला लावा.

दोन मिनिटं उघडं राहून वाळू द्या, मगच कपडे घाला. परफ्यूममध्ये बहुतांश अल्कोहोल असतं आणि ते पेट घेतं, त्यामुळे वाळेपर्यंत गॅस, मेणबत्ती, काडीपेटी यांपासून दूर राहा. शेवटी हात धुवा, नाहीतर पुढचा घास व्हॅनिलाचा लागेल.

आणि मग थांबा. लोकांमध्ये जाण्याआधी चाळीस मिनिटं तरी जाऊ द्या. या लेखातली एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा. जो परफ्यूम दारातून बाहेर पडताना तुम्हाला ‘थोडा कमीच झाला’ असा वाटतो, तो तासाभराने नेमका झालेला असतो. दारातच भरगच्च वाटणारा परफ्यूम तासाभराने जड होणार हे धरूनच चाला. सकाळी घाई असेल तर आधी परफ्यूम, मग केस, चहा, पिशवी भरणं. क्रम बदलला की वेळ आपोआप मिळतो.

गळ्यावर समोर का नको

गळ्याच्या समोरच्या भागातून सुगंध थेट आपल्याच नाकात चढतो. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत मेंदू त्याची दखल घेणं कमी करतो. स्वतःचा परफ्यूम ‘गेला’ असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा तो गेलेला नसतो, तुमच्या नाकाने त्याला बाजूला टाकलेलं असतं. व्हॅनिला आणि जड मस्क (कस्तुरीसारख्या वासाचे घटक) असलेल्या परफ्यूममध्ये असं वारंवार होतं, कारण तळाचा थर बराच वेळ फारसा न बदलता तसाच राहतो. मानेमागे लावला तर मान वळवताना तो झुळकीसारखा येतो आणि नाक ताजं राहतं. काही जणांना काही विशिष्ट मस्कचा वास मुळातच येत नाही. दुसऱ्यांना ठळक येणारा परफ्यूम तुम्हाला पहिल्यापासून फिका वाटत असेल तर हे कारण असू शकतं. अशा वेळी स्वतःच्या नाकावर माप ठरवू नका, घरातल्या कुणाला तरी विचारा: एका हाताच्या अंतरावरून येतो का, खोलीच्या दारातून येतो का? हातभर अंतरावर हलका आणि दारात अजिबात नाही, हे रोजच्या वापरासाठी योग्य माप.

छातीवरचा फवारा कपड्याखाली राहतो, हाही त्याचा गुण आहे. कापड चाळणीसारखं काम करतं, उष्णतेने वर येणारा सुगंध थोडा थोडा सोडतं. गडद, दाट परफ्यूम सभ्य करायची ही सगळ्यात साधी रीत.

उष्णता, दमटपणा, थंडी

तापमान वाढलं की सुगंधाचे रेणू लवकर उडतात. उकाड्यात हाच परफ्यूम दुप्पट मोठा वाटतो, आणि घामाच्या आंबटपणासोबत व्हॅनिला बेचव लागतो. ३० अंश सेल्सिअसच्या वर एकच फवारा, तोही कमरेच्या वर पोटावर किंवा गुडघ्यामागे, म्हणजे सुगंधाला नाकापर्यंत लांबचा प्रवास करावा लागतो. दमट हवेत गोडी अंगाभोवती रेंगाळते, कोरड्या हवेत धूर जास्त स्पष्ट लागतो. त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात बर्च टारचा परफ्यूम रुक्ष वाटू शकतो आणि पावसाळी दमटपणात कॅरमलचा परफ्यूम असह्य. १५ अंशांच्या खाली मात्र या जातीला खरा वाव मिळतो. थंड हवेत गोडी आवरलेली राहते, धूर स्वच्छ लागतो, तीन फवारे आरामात पेलतात. फक्त एक खबरदारी: बाहेरच्या थंडीसाठी लावलेला परफ्यूम तापवलेल्या खोलीत शिरताच फुलतो. दिवस आत-बाहेर जाणार असेल तर माप आतल्या खोलीचं धरा.

विमान, लिफ्ट, बंद गाडी, वर्ग, रुग्णालय: इथे एक किंवा शून्य. दमा आणि अर्धशिशी असलेल्यांना तीव्र वासाने खरोखर त्रास होतो, तो लाड नव्हे. जेवणाच्या टेबलावरही हात आखडता घ्या. धूर आणि गोडी दोन्ही जिभेच्या आसपासचे वास आहेत, ते समोरच्याच्या ताटातल्या पदार्थात मिसळतात.

कपडे

कापडावर सुगंध कातडीपेक्षा कितीतरी जास्त टिकतो, लोकरीवर तर काही दिवस. पण व्हॅनिलाचं कपड्यांशी एक जुनं वैर आहे. व्हॅनिलिन हवा आणि उजेड लागला की पिवळं, मग तपकिरी पडतं. त्यात भर म्हणून राळ आणि टार मुळातच गडद रंगाचे. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर फवारा मारल्यावर त्या दिवशी काहीच दिसत नाही. कपाटात आठवडाभर टांगून ठेवला की कॉलरच्या घडीवर चहा सांडल्यासारखी कड असलेला फिकट पिवळा गोल उमटतो, आणि इस्त्रीच्या उष्णतेने तो आणखी गडद होतो. म्हणून पांढऱ्या, फिक्या आणि रेशमी कपड्यांवर हा परफ्यूम नकोच. डाग दिसला तर इस्त्रीआधी कोमट पाणी आणि सौम्य डिटर्जंट लावून अर्धा तास ठेवा, मग धुवा.

गडद लोकरी स्कार्फ ही मात्र उत्तम जागा. ३० सेंटिमीटरवरून आतल्या बाजूला एक फवारा, आदल्या रात्री. सकाळपर्यंत झणका उडालेला असतो. ज्या दिवशी स्कार्फवर परफ्यूम असेल त्या दिवशी अंगावर एक फवारा कमी करा. मोत्यांवर परफ्यूम कधीही उडवू नका, अल्कोहोलने त्यांची झळाळी जाते. दागिने नेहमी परफ्यूम वाळल्यानंतर घाला. केसांवर थेट फवारल्यानेही ते कोरडे पडतात. कंगव्यावर एक फवारा मारून अर्धा मिनिट थांबा आणि मग तो केसांच्या टोकांतून फिरवा.

दुसऱ्या सुगंधासोबत जोडताना

गोडावर गोड चढवू नये, हे इथलं पहिलं पथ्य. व्हॅनिला परफ्यूमवर व्हॅनिलाचंच लोशन लावलं तर टिकाऊपणा वाढतो, पण धूर गाडला जातो. गोडी जास्त वाटत असेल तर वाळा किंवा देवदाराचा कोरडा परफ्यूम जोडा. धूर जास्त वाटत असेल तर गुलाब किंवा आयरिस. सगळंच जड वाटत असेल तर लावल्यानंतर अर्ध्या तासाने बर्गमॉटचं हलकं कोलोन, एक फवारा. जड परफ्यूम आधी, हलका नंतर, आणि प्रमाण दोनास एक. शक्यतो एकाच जागी दोन्ही लावू नका, छातीवर एक आणि हातावर दुसरा. अंगावर प्रयोग करण्याआधी दोन पट्ट्यांवर दोन परफ्यूम घ्या, दहा मिनिटांनी पट्ट्या पंख्यासारख्या एकत्र धरून नाकापुढे हलवा. तिथे भांडले तर अंगावरही भांडणार.

बिघडलं तर

जास्त झाला असेल तर पाण्याने धुऊन फारसा फरक पडत नाही. सुगंधी द्रव्यं तेलात विरघळतात, पाण्यात नाही. कापसावर बिनवासाचं तेल घ्या, जागा पुसा, मग साबणाने धुवा, हे दोनदा करा. घाईत असाल तर अल्कोहोलचा वाइपही चालेल, पण त्यानंतर कातडीला क्रीम लावा. वर दुसरा परफ्यूम मारून झाकायचा प्रयत्न करू नका.

राखेचा, ॲशट्रेसारखा वास उरत असेल तर दोन शक्यता: कातडी फार कोरडी आहे, किंवा त्या परफ्यूममधला धूर गोडीपेक्षा टिकाऊ आहे. पहिल्यावर क्रीम हा उपाय. दुसऱ्यावर बिनवासाच्या क्रीमऐवजी हलकं बेन्झोइन किंवा टोंकाचं लोशन घ्या. गोडावर गोड नको या पथ्याला एवढा एक अपवाद. वास प्लास्टिकसारखा, जळक्या बाहुलीसारखा येत असेल तर माप निम्मं करून पाहा. एथिल माल्टॉल आणि लाकडी कृत्रिम घटक एकाच जागी साठले की असं होतं, पसरले की तेच घटक उबदार वाटतात. निम्म्या मापातही तसाच येत असेल तर तो परफ्यूम तुमच्यासाठी नाही, आग्रह सोडा.

दुपारी पुन्हा लावायचा मोह झाला तर आधी बाहेर जाऊन पाच मिनिटांनी परत या आणि कपड्याच्या आत वास घ्या. आला तर थांबा. नाही आला तर एकच फवारा, तोही कोपराच्या घडीत. सकाळचा तळाचा थर अजून कातडीवर असतो, त्यावर नवा पूर्ण डोस म्हणजे गोडीची दुहेरी घडी.

कातडीची काळजी

बेन्झोइन, पेरू बाल्सम (एका झाडाची सुगंधी राळ) आणि व्हॅनिला यांच्यात काही घटक सारखे आहेत. पेरू बाल्समची ॲलर्जी असलेल्यांना व्हॅनिलानेही पुरळ उठू शकतं. नवा परफ्यूम कोपराच्या आत एक फवारा मारून ४८ तास पाहा. लाली, खाज, चट्टा यांपैकी काही आलं तर त्या जागी पुन्हा लावू नका आणि त्रास टिकला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, बाटलीवरची घटकांची यादी सोबत न्या. नुकत्याच केस काढलेल्या किंवा सोललेल्या कातडीवर एक दिवस तरी परफ्यूम नको.

बाटली

ही बाटली कालांतराने गडद होते: फिकट पिवळ्याची मधासारखी, मधाची चहासारखी. व्हॅनिलिनमुळे असं होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रंगावरून परफ्यूम खराब ठरवू नका, वासावरून ठरवा. पहिल्या मिनिटातला वरचा थर आंबूस किंवा नेलपॉलिशसारखा येत असेल आणि अर्ध्या तासानेही तो जात नसेल, तर बाटलीचं आयुष्य संपत आलं समजा. थंडीत द्रव गढूळ दिसला किंवा तळाशी बारीक कण आले तर खोलीच्या तापमानाला एक दिवस राहू द्या. राळ पुन्हा विरघळते.

ठेवायची जागा अंधारी, कोरडी आणि एकसारख्या तापमानाची असावी, १५ ते २० अंश असेल तर फारच छान. खोकं फेकू नका. न्हाणीघरातल्या फळीवर दिवसातून दोनदा वाफ आणि उष्णता मिळते, खिडकीत ऊन. दोन्ही जागा बाटलीचं आयुष्य कमी करतात. अर्ध्याहून जास्त रिकामी झालेली बाटली वर्षभरात वापरून टाका, कारण आत हवा वाढलेली असते. प्रवासाला मूळ बाटली नेण्यापेक्षा ५ किंवा १० मिलीची काचेची कुपी न्या आणि ती गळ्यापर्यंत न भरता वर थोडी जागा सोडा. उकाड्यात द्रव फुगून पंपाच्या सांध्यातून पाझरतो, आणि बॅगेच्या अस्तराला लागलेली व्हॅनिला-टारची ती तपकिरी रेघ धुऊनही निघत नाही.